ताईला विचारलंत का?

सुईत दोरा काही केल्या ओवला जाईना, तेव्हा शिंप्याने सुई बायकोच्या हातात दिली. थोरल्या बहिणीने दिलेली किडनी त्याच्या शरीरात छान काम करत होती. पण शरीराने ती परकी म्हणून झिडकारू नये, यासाठी रोज घ्यायच्या गोळ्यांनी हात थरथरत. साधी सर्दीही त्याला अंथरुणाला खिळवी.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक नवा उपचार आहे. तुमच्या ताईंच्या रक्तातल्या काही पेशी तुम्हाला द्यायच्या. ही किडनी आपलीच आहे, अशी ओळख शरीराला पटली, तर गोळ्या हळूहळू कमी करता येतील. अजून प्रयोग चालू आहे, यश येईलच असं नाही. आणि आपल्या मनाने एकही गोळी सोडायची नाही."

"चालेल. कधी आणू ताईला?" शिंप्याने विचारलं.

"त्यांना विचारलंत?"

"त्या कशाला नाही म्हणतील?" सोबत आलेली बायको हसून म्हणाली.

"म्हणूनच विचारायचं. ज्या माणसाला नाही म्हणायची सोयच नाही, त्याच्या होकाराला काय अर्थ?"

घरी जाताना शिंप्याला मागचं सगळं आठवलं. ऑपरेशनच्या वेळी रक्त जुळलं आणि घरात सगळे म्हणाले, 'ताई आहेच की!' भेटायला येणारे त्याच्याच खाटेशी बसत. ताई मात्र टाके सुकले तशी इस्त्रीच्या दुकानात कामाला उभी राहिली होती.

संध्याकाळी तो ताईकडे गेला. सगळं सांगून म्हणाला, "तुला वाटलं तरच. नाही म्हणालीस तरी काही बिघडत नाही."

घड्या घालता घालता ताई थांबली. "किडनी मी दिलीच असती रे. पण तेव्हा कुणी विचारलंच नाही. मला घाबरायलासुद्धा सवड मिळाली नाही."

"चुकलं ताई," तो म्हणाला.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

तिने खरंच वेळ घेतला. बायको फोन करायला निघाली की तो तिला अडवी. शेवटी ताई स्वतःच डॉक्टरीणबाईंना भेटून, मनातल्या सगळ्या शंका विचारून आली. "या वेळी हो मी म्हणतेय," ती म्हणाली.

पेशी काढताना शिंपी तिच्या उशाशी बसून होता. उपचार लागू पडला. डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली गोळ्या निम्म्यावर आल्या, हातांची थरथर ओसरली आणि तो पुन्हा शर्टांची काजं करू लागला. आता कुणी त्याची विचारपूस केली, की तो म्हणतो, "मी बरा आहे. आधी ताईला भेटून या."

आपल्या घरातही देणारं कुणीतरी असतंच. ते देतंच, म्हणून आपण विचारायचं विसरतो. कृतज्ञता आभारापासून सुरू होत नाही; ती विचारण्यापासून सुरू होते.