कोऱ्या पाठीची कार्डे

सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. तारीख १२ ऑक्टोबर १९८१, सोमवार. पंचगंगा घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभे राहून वासुदेवशास्त्र्यांनी लाल फडक्यातली तीन गाठोडी गंगेत सोडली. दोन गाठोड्यांत जीर्ण पोथ्या होत्या. तिसऱ्यात माझी कार्डे होती.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी कार्डपेटी आहे. १९६२ साली होड्या बांधणाऱ्या एका मिस्त्रीने उरलेल्या फळ्यांतून मला घडवले. सांधे ठोकताना तो म्हणाला होता, ''बहिनजी, नाव हो या पेटी, पानी अंदर नहीं जाएगा।'' त्याचा शब्द खरा ठरला. माझ्या आत पाणी कधी आले नाही.

माझ्या मालकीणबाई शरदिनी. त्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतात. माणूस ऐकतो म्हणजे नेमके काय करतो, या एकाच प्रश्नावर आयुष्य घालवलेल्या एका फ्रेंच तत्त्वज्ञाच्या त्या अभ्यासक आहेत. त्याच्यावर जगात कुठेही नवे पुस्तक किंवा लेख निघाला की त्या एक कार्ड लिहीत. बातमी पॅरिसहून निघणाऱ्या एका वार्तापत्रातून येई, तीही बोटीच्या टपालाने, तीन महिने उशिरा.

वाचून झालेले कार्ड माझ्या पुढच्या कप्प्यात तोंड पुढे करून उभे राही. ज्याची फक्त बातमी कळली आहे, ते मागच्या कप्प्यात पाठ फिरवून, कोरी बाजू पुढे करून राही. पुस्तक हाती येऊन वाचून झाले की बाई ते कार्ड वळवीत. कधी वर्षाला चार वळत, कधी एकही नाही. दिल्लीहून आलेल्या एका प्राध्यापकांनी माझे दोन्ही कप्पे पाहिले आणि ते म्हणाले, अशी यादी देशात दुसरीकडे नसेल. त्यांनी फक्त पुढच्या कप्प्यातली कार्डे वाचली. बाईंचे लक्ष मात्र मागच्या कप्प्याकडे होते.

वासुदेवशास्त्री म्हणजे बाईंचे काका. ते घाटावर पूजा सांगतात. ते चिडवत, ''शरदिनी, तुझा फिरंगी गुरुजी मरून दहा वर्षं झाली. अजून याची पुस्तकं संपत नाहीत?''

''काका, आपल्या ऋषींवरची कुठं संपलीत?''

''ते खरंच गं,'' म्हणून काका हसत.

त्या वर्षी पावसाळ्यात मला आतून बुरशी धरली. या घरात पावसाळा सरला की पोथ्यांना गच्चीवर ऊन दाखवतात आणि ज्यांची अक्षरे उडाली त्या गंगेत सोडतात. बाईंनी मलाही वर नेले आणि रिकामे केले. पुढच्या कप्प्यातली कार्डे टेबलावर राहिली. मागची दोनशे एकसष्ट त्यांनी लाल फडक्यात बांधून पोथ्यांशेजारी ठेवली. कागद बांधायची दुसरी रीत त्यांना लहानपणापासून ठाऊकच नव्हती. मग नवी मासिके पाहायला त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेल्या.

काकांनी गाठोडे सोडून पाहिले. त्यांना अलीकडे कमी दिसते.

''वरची सगळी पानं कोरी होती गं,'' दुपारी ते म्हणाले. ''मला वाटलं, अक्षरं उडाली. मंत्र म्हणून सोडली मी.''

बाईंनी माझ्या रिकाम्या कप्प्यात हात घातला.

''लाल फडक्यात मीच बांधली ना, काका.''

काका पुन्हा घाटावर गेले. नावाडी म्हणाला, ''महाराज, कागज तो कब का गल गया।''

आठवणीतून आणि ग्रंथालयाच्या मदतीने बाईंनी दोनशे चौदा कार्डे पुन्हा लिहिली. सत्तेचाळीस राहिली. त्यांतल्या एकाने त्यांची झोप उडवली. त्या तत्त्वज्ञाच्या शेवटच्या व्याख्यानांची टिपणे ल्यों शहरातल्या त्याच्या एका शिष्याजवळ आहेत. तो ती स्वतः छापणार होता. मार्च १९८२ अखेरपर्यंत जे पत्र लिहून मागतील, तेवढ्यांसाठीच. ही बातमी वार्तापत्राच्या शेवटच्या अंकात आली होती. त्यानंतर वार्तापत्र बंद पडले. तो अंक ओलीने कुजू लागला, तेव्हा बाईंनी पत्ता कार्डावर उतरवून घेऊन अंक टाकून दिला होता. आता शिष्याचे नाव आठवते, गल्ली आठवते, घराचा क्रमांक आठवत नाही.

''क्रमांक कशाला हवा?'' काका म्हणाले. ''पंचगंगा, वासुदेवशास्त्री, एवढ्यावर माझी चिठ्ठी येते. तिकडचे डाकिये काय आंधळे आहेत?''

''तिकडं कुणी कुणाला ओळखत नाही, काका.''

''तू लिही तर खरं.''

३० नोव्हेंबरला बाईंनी क्रमांकाशिवाय पत्र पाठवले. टपालपेटीपर्यंत काका बरोबर गेले आणि पत्र त्यांनी स्वतः आत सोडले.

मित्रांनो, कागद बांधून ठेवाल तेव्हा वर नाव लिहा. आणि ज्याची पाठ कोरी दिसेल, ते टाकण्याआधी एकदा वळवून पाहा. कुणीतरी त्याची वाट पाहत असेल.

माझ्या मागच्या कप्प्यात सर्वांत पुढे एक नवे कार्ड पाठ फिरवून उभे आहे. त्यावर घराच्या क्रमांकाची जागा मोकळी आहे. रोज अकराच्या सुमारास काका दारात जाऊन उभे राहतात. आज शनिवार, २७ मार्च १९८२. साडेअकरा झाले. डाकिया येऊन गेला. उत्तर आलेले नाही. पत्रही परत आलेले नाही.