ओळख न दाखवता

निशा रश्श्याची बादली घेऊन समोर आली, तशी धम्मदिनाने नजर ताटात घातली. निशाने रस्सा वाढला, धम्मदिना "बस" म्हणाली आणि निशा पुढच्या ताटाकडे सरकली.

मागून वड्यांची टोपली घेऊन येणाऱ्या गोदूमावशींनी ते टिपलंच. नवरीची मावशी म्हणून आज कोन गावातल्या त्या लग्नाच्या मांडवात त्यांचाच शब्द चालत होता.

"काय गो, आमच्या निशानं वाढलं त वर तरी बघायचं. नारपोलीच्या शिकलेल्या पोरी अशाच का?"

"मावशी, रस्सा बघितल्यावर दुसरं काही दिसेना," धम्मदिना म्हणाली.

पंगतीत हशा पिकला आणि विषय तेवढ्यावर राहिला.

ती आली होती नवरीची, मृणालीची, कॉलेजातली मैत्रीण म्हणून. निशा मृणालीच्या चुलतभावाची, भाविकची, बायको निघेल, हे मांडवात शिरेपर्यंत तिला ठाऊक नव्हतं.

दिवाळीपासून निशा दर बुधवारी तिच्याकडे येत होती. नारपोलीतल्या एका संस्थेच्या केंद्रात धम्मदिना समुपदेशक होती. आठव्या महिन्यात निशाचं बाळ पोटातच गेलं आणि तिचं बोलणंच आटलं. घरी ती शिवणक्लासचं नाव सांगून यायची. 'हिच्या डोक्यावर परिणाम झालाय' म्हणून सासरचे आपल्याला माहेरी धाडतील, ही तिची धास्ती. केंद्राची खोली लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यावर होती. खाली लूम चालू असले की दाराबाहेर शब्द जात नसे. लोडशेडिंग सुरू झालं की दोघी आवाज खाली आणत.

पहिल्याच भेटीत धम्मदिनाने सांगून टाकलं होतं, "बाहेर कुठे भेटलो तर मी ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तरच."

"आमच्यात असं केलं त भांडणं लागतात, ताई," निशा म्हणाली होती.

भांडण थोडक्यात टळलं, असं धम्मदिनाला वाटत होतं, तोच शेजारच्या रिकाम्या पाटावर निशाची सासू येऊन बसली. आनंदीबाई. वड्यांची एक टोपली त्यांनी स्वतःजवळच ठेवून घेतली.

"मृणाली सांगत होती, तू लोकांची दुखणी ऐकतस."

"हो मावशी. मनातलं बोलायला येतात लोक."

"आमच्या कोनचं कोन येतं?"

"ते मी सांगत नाही."

"माझी सून येते?"

धम्मदिनाने घास खाली ठेवला. समोरच्या रांगेत निशा वाकून कुणाला तरी वाढत होती. तिची बादली आहे तिथेच थांबली होती.

"कुणाचंही नाव घेऊन विचारलंत तरी माझं हेच उत्तर, मावशी. ते माणूस येत असो की नसो."

"मी परकी हाय का? सासू हाय तिची."

"सासूला हेच. नवऱ्याला हेच."

"आन् पोलीस आला त?"

"कोर्टाचा हुकूम असला तर सांगावं लागतं. नाहीतर कुणाच्या जिवावर बेतत असेल तर. ते आम्ही येणाऱ्याला आधीच सांगून ठेवतो."

"लय कडक गो तू." आनंदीबाईंच्या कपाळावर आठी होती. "म्हंजे घरात काय चाललंय ते घरच्या मान्सालाच कलायचं न्हाय."

"असं बघा," धम्मदिना हळू म्हणाली, "उद्या तुम्ही आलात आणि तुमच्या सुनेने येऊन विचारलं, तर तिलाही मी हेच सांगेन."

आनंदीबाईंनी वडा मोडला, पण तोंडात घातला नाही. त्याचे आणखी दोन तुकडे केले, मग चार. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बँजोवाले वाद्यं जुळवत होते.

"म्हातारी मान्सं येतात का तुज्याकडं?"

"येतात."

"लय जुनी गोष्ट असली तरी?"

"जुनी असली तरी."

"भाविकच्या आधी माजं एक गेलेलं," आनंदीबाई ताटाकडे बघतच म्हणाल्या. "सासूनं सांगितलं, रडायचं न्हाय, दुसरं होईल. झालं पन दुसरं. आता निशाचं गेलं तवापासून मला झोप न्हाय. कुनाला सांगू? पोरीला काय सांगू?"

सासू आणि सून दोघींचं एकाच कानाने ऐकायचं नसतं. पण तसं म्हणणं म्हणजे 'माझी सून येते?' या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकणं. खरं तेवढंच बोलायचं आणि त्यातूनही काही निसटू द्यायचं नाही, असे शब्द धम्मदिना शोधत राहिली.

"पार्वतीताई म्हणून आहेत आमच्याकडे. माझ्याहून पुष्कळ अनुभवी, तुमच्या वयाच्या. सोमवारी दुपारी बसतात. त्यांच्याकडे या."

"त्या पन अशाच कडक?"

"माझ्याहून जास्त."

आनंदीबाई पहिल्यांदा हसल्या. पदराने त्यांनी तोंड पुसलं, डोळेही पुसून घेतले, आणि मनाशी घरातल्या कामांची मांडणी करावी तसं म्हणाल्या,

"सोमवार बरा. बुधवारी निशा जाते. घरात एकीनं तरी असायला पायजे."

धम्मदिनाला हो म्हणता येत नव्हतं, नाही म्हणता येत नव्हतं, आणि चेहऱ्यावर येऊ पाहणारं हसूही येऊ देता येत नव्हतं. तिने ताट पुढे केलं.

"मावशी, अजून एक वडा वाढा."

आनंदीबाईंनी दोन वाढले.