दोन फोटोंतली एकच पिन

टायटॅनियम गंजत नाही.

सभागृहात पाचशे खुर्च्या, सगळ्या प्लॅस्टिकच्या, मागे कललेल्या. अशा खुर्चीत कटरताई वीस मिनिटांच्या वर बसू शकत नाही.

"हाड म्हणजे गोठलेला विचार. विचार वितळला, की हाड वळतं."

बारा वर्षांच्या मुलीचा पट्टा दाराच्या खिळ्याला टांगलाय. काखेपासून कमरेपर्यंतचा, कडक. आत कोणी नसलं तरी ताठ.

कापड आडवं ओढलं, की एका बाजूला चुण्या पडतात आणि दुसरी बाजू ताणते.

एक सेफ्टी पिन.

*

आता क्रमाने.

हाडाबद्दलचं ते वाक्य कणागुरूंचं. खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची कोणाची टाप नव्हती. दर रविवारी ते एकेका दुखणाईताला बाकड्यावर पालथं निजवत, वीतभर अंतरावरून तळहात फिरवत, डोळे मिटून म्हणत, "सुटलं." माणूस उठून बसे, खांदे हलवून बघे, आणि पाचशे जण एकदम श्वास सोडत. लगेच मागच्या भिंतीवरच्या पुरुषभर उंचीच्या फ्लेक्सवर दिवा पडे. डावीकडे कमानीसारख्या वाकड्या कण्याचा एक्स-रे, उजवीकडे सरळ कण्याचा. मधे लिहिलेलं: एकच रुग्ण. आठ महिने. औषध नाही, सुरी नाही.

सुरी कटरताईने सोसली होती. कपड्यांच्या कारखान्यात ती थरावर थर रचून कापड कापायची, म्हणून तिला सगळे कटरताई म्हणत. चौदाव्या वर्षी तिच्या कण्याला टायटॅनियमच्या दोन सळ्या आणि सोळा स्क्रू लागले, त्याला बावीस वर्षं झाली. बाक पुष्कळ कमी झाला, फुप्फुसाला जागा मिळाली. दुखणं मात्र घरजावयासारखं मुक्काम ठोकून बसलं. मोजे घालायला पाय हाताशी आणावा लागे, कारण हात पायाशी जात नसे. कारखान्यात तिच्यापुरतं टेबल चार विटांवर चढवलेलं होतं.

फ्लेक्स छापला होता दादाने, तिच्या थोरल्या भावाने. छपाईचं दुकान त्याचं. गुरूंचे फलक छापता छापता तो भक्त झाला आणि भक्त होता होता व्यवस्थापक. त्याच्या मुलीच्या कण्यात गेल्या वर्षी बाक दिसला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हाडं वाढताहेत तोवर दिवसाचे अठरा तास पट्टा घाला, बहुधा ऑपरेशन टळेल. पट्टा चार महिने चालला. मग कणागुरू म्हणाले, पट्टा म्हणजे कण्याचा तुरुंग, आणि दादाने तो खिळ्याला लावला.

ताई भांडली. दादाचं एकच पालुपद: आधी ये, अनुभव घे, मग बोल. ती गेली ती भाचीसाठी भांडायचा हक्क मिळावा म्हणून, असं तिने वहिनीला सांगितलं. ते अर्धंच खरं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. बावीस वर्षं हातपाय मारणाऱ्याला तर काडीही होडी दिसते.

गुरूंचा तळहात तिच्या पाठीवरूनही फिरला. सोमवार बरा गेला. मंगळवारी ती शीळ घालत कापड कापत होती, इतकी की शेजारच्या शिलाईवालीने विचारलं, "काय गं, लॉटरी लागली का?" बुधवारी दुखणं परत आपल्या जागेवर येऊन बसलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला रोज दुखण्याचा आकडा वहीत लिहायला लावला होता. तिने वही उघडली. दोन वर्षांत हेच: तीन-चार दिवस वाईट, मग आपोआप दोन दिवस बरे. आणि सभागृहात ती कधी गेली? नेमका वाईट दिवस गाठून. वाईट दिवसानंतर बरा दिवस येतोच. त्याच्या आदल्या दिवशी जो भेटेल तो गुरू. पाचशे जणांकडे वही नव्हती, एवढाच फरक. तिला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली, कारण त्या दिवशी बाकड्यावर निजायचा नंबर भाचीचा होता. बसवत नाही म्हणून भिंतीला टेकून उभी राहिली, फ्लेक्सपासून हातभर अंतरावर. आणि तिला पिन दिसली.

डाव्या फोटोत कमरेच्या हाडावर एक सेफ्टी पिन, टोपी खाली. उजव्या फोटोतही पिन, त्याच हाडावर, त्याच जागी, टोपी खाली. चौदाव्या वर्षी दवाखान्याचा झगा तिला ढगळ होता म्हणून आईने तो कमरेशी पिन लावून आवळला होता, आणि पिन काढायचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आई गेल्यावर फोटोंची पेटी दादाच्या घरी आली होती.

ती रंगमंचाच्या पायऱ्यांशी त्याच्याकडे गेली. "दादा, हे माझे फोटो आहेत."

त्याने आजूबाजूला पाहिलं. "हळू बोल."

नाही म्हणाला असता तर एक वेळ बरं, असं तिला वाटलं. तो म्हणत होता, पेटीत धूळ खात पडले होते, गुरूंना नमुना हवा होता, लोकांना धीर येतो. "आणि तुझं नाव कुठे आलंय? डोकं कापलंय मी वर."

"उजवा सरळ कसा, हे ठाऊक आहे ना तुला?"

"ऑपरेशननंतरचा असेल."

"नंतरच्यात सळ्या दिसतात."

वर माइकवर गुरू म्हणाले, आज आपल्या छपाईवाल्यांची कन्या. भाची पायऱ्या चढू लागली, आणि ताई तिच्या मागोमाग चढली. आपला सख्खा भाऊ आपलीच पाठ भिंतीवर टांगून पोटच्या पोरीला त्याखाली निजवतोय, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

"बाई, शंका ही कण्यातली गाठ असते," गुरू गोड हसले.

"असेल. माझ्यात सोळा आहेत, स्क्रूच्या."

मग तिने माइक न घेता सांगितलं. हा कणा माझा. आठ महिन्यांनी काढलेल्या फोटोत तीच पिन, तिथेच, तशीच कशी? गुरूंनी क्षणभर डोळे मिटले. पिनसुद्धा कृपेच्या आधीन असते, म्हणाले. ती जागची हलली नाही हाच चमत्कार. मागच्या रांगेत कोणीतरी फस्सकन हसलं, आणि हसू संसर्गासारखं चार रांगा पुढे आलं.

ताई सांगत राहिली. ऑपरेशनआधी दोन फोटो काढतात, एक उभं राहून, एक बाजूला वाकून. बाक किती सैल आहे ते त्यावरून कळतं. दोहोंत दहा मिनिटांचं अंतर. वाकलेला फोटो जरा फिरवून छापला की कणा उभा दिसतो. पण मग कंबर तिरकी होते, बघा. आणि एका बाजूच्या बरगड्या चुण्यांसारख्या दाटल्यात, दुसरीकडच्या ताणल्यात.

"मग वाकून दाखवा ना," खालून एक जण म्हणाला.

तिला वाकता येत नव्हतं. सळ्या कशासाठी असतात?

"आत्याला नाही येत," भाची म्हणाली. "मी वाकते."

ताईने खिशातला खुणेचा खडू काढला. टीशर्टवरून बोटाने मणके चाचपत सात ठिपके काढले. ओळ कमानीसारखी आली. दादाने मान खाली घातली होती.

"बाक ज्या अंगाला आहे त्याच अंगाला कल."

भाची कलली. ठिपके एका ओळीत आले. पहिल्या रांगेतली म्हातारी पुटपुटली, "सरळ झाली की."

"आता उभी राहा."

ओळ पुन्हा कमानीसारखी.

गुरूंनी ऊर्जा विटाळल्याचं सांगून सभा संपवली. फ्लेक्सवरचा दिवा गेला, तेव्हा लोकांनी मोबाइलच्या उजेडात पिन शोधली. काहींनी ताईला शिव्या दिल्या. आमचा धीर हिरावलास, एक बाई रडत म्हणाली. ताईने तिला बसवलं, स्वतः उभीच राहिली. म्हणाली, मलाही दोन दिवस बरं वाटलं होतं. डॉक्टरांनी माझं दुखणं संपवलं नाही, पण संपेल असं सांगून फसवलंही नाही. दुखऱ्या माणसाला विश्वास ठेवायची घाई असते, म्हणूनच त्याने आधी विचारावं: फोटो कोणाचा, कधीचा, कसा काढलेला. या प्रश्नांचा ज्याला राग येतो, त्याच्या हाती आपली पाठ देऊ नये, लेकराची तर नाहीच.

सोमवारी वहिनी मुलीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बिनपट्ट्याच्या महिन्यांत बाक सहा अंशांनी वाढला होता. पट्टा नव्याने बेतायला दिला. दादा कारखान्याच्या दाराशी आला आणि म्हणाला, वाकलेल्या फोटोचं त्याला खरंच ठाऊक नव्हतं. ताईने कापडाचा पुढचा थर पसरला.

चौदा वर्षांच्या ताईला त्या दिवशी बाजूला वाकायचं म्हणजे नेमकं कसं ते कळेना, तेव्हा एक्स-रेच्या खोलीच्या दारात उभं राहून दादाने स्वतः वाकून दाखवलं होतं.