शेवटचा अंक पुसल्यावर

लातूरच्या त्या क्लासमध्ये फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक संख्या लिहिलेली होती : ७३९३९१३३. क्लास चालवणाऱ्या व्यंकटराव सरांनी खास तुकडीसाठी ‘दमदार’ संख्या मागितली, तेव्हा गणित शिकवणाऱ्या मालविका मॅडमनी ती दिली होती. मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही पूर्ण भाग जात नाही. शेवटचा अंक पुसला तरी उरते ती मूळच. पुन्हा पुसला तरी मूळच, थेट एकट्या सातापर्यंत.

सर जाम खूश झाले. तुकडीत आठ मुली होत्या. पहिल्या परीक्षेच्या क्रमाने त्यांनी सगळ्यांना एका लांब बाकावर बसवलं, एकेकीला एकेक अंक दिला. पुढे दर रविवारी जी शेवटची येईल तिचा अंक पुसायचा आणि तिनं अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, साध्या तुकडीत जायचं.

गळती कुठूनही व्हायला हवी होती. झाली ती दर वेळी टोकाकडूनच. मालविकाने पेपर पुन्हा तपासले, गुण पुन्हा मोजले. चूक नव्हती.

“आता मधलीच कुणीतरी घसरेल, बघा,” ती म्हणायची.

“घसरत नाही मॅडम! तुमच्या संख्येचाच गुण हाय तो,” सर हसायचे.

अंक पुसला जाताना सातवाली गीतांजली मान कलती करून बाकाच्या रिकाम्या टोकाकडे कान लावी. मुलगी किल्लारीची, मामाकडे राहून शिकणारी. फळ्यावर ७३९ उरलं, त्या दिवशी मालविकाने तिला थांबवून घेतलं.

“काय ऐकतेस गं?”

“मॅडम, हे मी एकदा ऐकलंय. भूकंपात. आम्ही आठजण ओळीनं झोपलो व्हतो, मी दाराच्या अंगाला. गाडले गेल्यावर सगळे एकमेकांना हाका मारत राहिले. पार टोकाचा माउली आधी गप झाला. मग त्याच्या शेजारची आत्या. असं मागून एकेक.”

“आणि बाकीचे?”

“ओ देत व्हते की. मधी कुठं खंड न्हाई.” ती फळ्याकडे बघत होती. “शेवटी मी एकटीच बोलत राहिले. लई येळ. मला पुन्हा तिथवर जायचं न्हाई, मॅडम.”

मालविकाने हातातला खडू खाली ठेवला.

“पुढून पुसलं तर?” गीतांजलीने विचारलं. “सातच गेला तर?”

“एकोणचाळीस उरतील. तेरा त्रिक.”

“म्हणजे फुटतंय.”

“हो. फुटतं.”

रविवारी गीतांजलीने कोरा पेपर दिला.

सर संतापले. “डोकं फिरलं का गं तुझं? पहिल्या नंबराची पोरगी तू!” पण नियम त्यांचाच होता आणि उरलेल्या दोघी बघत होत्या. त्यांनी डस्टर उचललं. सात पुसला. एकोणचाळीसकडे त्यांनी पाहिलं, मग तेही खसाखसा पुसून टाकलं.

मालविका खिडकीशी गेली. गीतांजली अंगण ओलांडून शेडमध्ये शिरली. तिथल्या बाकावर जागा नव्हती, मुली सरकल्या. ती दोघींच्या मधोमध बसली आणि शेजारणीचं मनगट तिनं घट्ट धरलं.

“बोल काहीतरी.”

“काय बोलू?”

“काहीबी. पण थांबू नको.”