पामच्या खोलीतली पेटी

साखरबाई बोईसरला उतरली तेव्हा तिच्या डोक्यावर पत्र्याची पेटी होती. पेटीला कुलूप होतं, किल्ली कनवटीला होती आणि पेटीत काहीसुद्धा नव्हतं. न्यायला आलेल्या चंद्रभानने हात पुढे केला, तर म्हातारी फणकारली, "राहू दे. माझी मी आणते." पोराला वाटलं, आईने कुरडया आणल्या असतील, मोडतील म्हणून जपते आहे. सुनेचं सामान भरून परत न्यायला ही पेटी आली आहे, हे बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसतं.

तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं तेव्हाची ही गोष्ट. चंद्रभान तिथे फिटर म्हणून लागला आणि लग्नानंतर वर्षभर सासूच्या हाताखाली राहिलेल्या उषाला घेऊन आला. जवळच्याच पाम गावात ठकीबाईच्या आवारात त्यांनी एक खोली भाड्याने घेतली. इकडे संगमनेरकडच्या त्यांच्या गावात कुणीतरी साखरबाईच्या कानावर घातलं, "तुझी सून कुडाच्या खोपटात राहते. भिंत म्हणजे नुसत्या काठ्या आणि चिखल." झालं! म्हातारीने ठरवून टाकलं. सुनेला घरी आणायचं, पोरगा जेवेल खानावळीत. खरं सांगायचं तर कूड हे निमित्त होतं. उषा गेल्यापासून तिला घर खायला उठत होतं. पण हे ती कुणाजवळ कबूल करणार? ती साखरबाई होती.

गावात गोधडी शिवावी तर तिनेच. आणि खोड अशी, की कुणाचंही शिवण हातात आलं की आधी उलटं करून बघायचं. सुलट बाजू चार लोकांत मिरवायला असते, गाठी आणि लोंबते दोरे मागेच सापडतात, असं तिचं म्हणणं. या खोडीने तिने गावातल्या निम्म्या बायकांशी वाकडं घेतलं होतं.

पामला पोचल्यावर उषाने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाया पडली. साखरबाईची नजर मात्र वर गेली. दाराला तोरण होतं, काचेचं. हिरव्या बांगड्यांचे तुकडे दिव्याच्या ज्योतीवर वाकवून एकात एक गुंफलेले, आणि मधे मधे समुद्रावरच्या शिंपल्या.

"हे गं कशाचं?"

"चुड्याचं, आत्याबाई. काम करताना एकेक बांगडी वाढली, ती टाकवेना. तुम्ही उभं राहून भरायला लावला होता ना."

साखरबाईने नुसतं "हं" केलं. पण आत जाताना तोरणाला डोकं लागू नये म्हणून ती जरा जास्तच वाकली.

आत फळ्यांची मांडणी होती. परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून येत, त्यांच्या मोडक्या फळ्या कामगारांना सरपण म्हणून मिळत. बाकीच्यांच्या घरी त्या चुलीत जात. उषाने त्या घासून, तेलपाणी करून भिंतीला लावल्या होत्या आणि वर पितळी भांडी लख्ख मांडली होती. एका फळीवर काळ्या रंगात काचेचा पेला छापलेला होता.

"आणि हा पेला कशाला काढलाय?"

"मी नाही काढला. आत नाजूक माल आहे, असं सांगायला छापतात म्हणे. पेला सरळ राहील अशी फळी लावली, म्हटलं आपल्या घरात काही सांडायला नको."

चंद्रभान हसला. म्हातारीलाही हसू येत होतं, पण ते तिने दाताखाली धरलं. हसून चालणार नव्हतं. हसलं की पेटी रिकामी परत जाणार.

मग तिने समोरची भिंत बघितली आणि बघतच राहिली. सिमेंटची रिकामी पोती धुऊन, उसवून, एकाला एक जोडून केलेला मोठा पडदा भिंतभर टांगला होता. शेजारच्या घिवली गावात ठकीच्या लेकीकडे मासे धरायची जाळी रंगवायला ऐनाच्या झाडाची साल उकळत. उरलेल्या काढ्यात उषाने पोती बुडवली होती, त्याने त्यांना खैरासारखा तांबूस रंग चढला होता. आणि त्यावर पोत्यांच्या तोंडाच्या पांढऱ्या दोऱ्याने भरलं होतं ज्वारीचं शेत. टपोरी कणसं, बांधावरची बाभळ, विहिरीची मोट आणि कोपऱ्यात डोक्यावर पाटी घेतलेली एक ठेंगणी बाई. साखरबाईने स्वतःला ओळखलं. एक पैसा खर्च न करता पोरीने अख्खं रान इथे आणून लावलं होतं. आपल्या हाताखाली शिकलेली ही पोर आपल्या पुढे गेली, हे तिला तिथेच उभ्या उभ्या कळलं आणि अभिमानाने ऊर भरून आला.

पण खोड ती खोड. तिने पडद्याची कड धरली.

"आत्याबाई, नको!" उषा पुढे धावली. तोवर पडदा उलटला होता.

शिवण मागूनही स्वच्छ होतं, एक गाठ दिसेल तर शपथ. पण मागची भिंत ओली होती. जागोजागी पोपडे सुटलेले, त्यावर पांढरी बुरशीसारखी पूड, आणि पाण्याचे ओघळ. पावसाचा पत्ता नव्हता, तरी भिंत घामाघूम झाली होती.

उषाच्या डोळ्यांत पाणी आलं. साखरबाईला हवं ते निमित्त आता हातात आलं होतं. असल्या ओलीत माझी सून ठेवणार नाही, एवढं म्हटलं असतं की चंद्रभानची मान खाली गेली असती.

तेवढ्यात घरमालकीण ठकी ताडगोळे घेऊन दारात आली आणि उघडी भिंत बघून मटकन उंबऱ्यावरच बसली. "आता दावलीस व्हय सासूला? आगो बाय, हिनं खाडीची माती लावली! मी लेकीकडं गेलेली, नायतर लावू दिली नसती. आमी कोनी नाय लावत. खारी माती हाय ती, वाऱ्यातलं पानी पिते नि रडते."

"मला काय ठाऊक?" उषा पुटपुटली. "लोण्यासारखी होती. एक खडा नाही. आत्याबाईंनीच शिकवलं होतं, मऊ आणि चिकट बघून माती घ्यावी."

साखरबाईने भिंतीवर बोट ओढलं आणि जिभेला लावलं. खारट! आपल्या रानातली माती तिने जन्मभर चुरगळून पाहिली होती, चाखून कधीच नव्हती. पोर चुकली होती ती सासूचा शब्द पाळून चुकली होती. यावर तिला कुठल्या तोंडाने बोल लावायचा?

"ठकीबाई," तिने पदर खोचला, "मग तुमच्याकडं भिंतीला लावतात ती माती कुठं मिळते?"

दोन दिवसांचा मुक्काम आठवड्यावर गेला. तिघींनी मिळून खारी माती पार कुडाच्या काठ्यांपर्यंत खरवडली. मग माळावरची तांबडी माती आणली, त्यात भाताचा तूस आणि शेण कालवलं. थापायच्या आधी साखरबाई प्रत्येक घमेल्यातली चिमूट जिभेवर ठेवून बघायची, आणि ठकी पोट धरून हसायची. भिंत वाळली, कोरडी ठणठणीत राहिली. सारवणाचे अर्धगोल एकसारखे उठले होते, पण त्यातले सासूचे कुठले आणि सुनेचे कुठले हे ठकीलाही सांगता येईना.

निघायच्या सकाळी उषाने पडदा गुंडाळून सासूच्या हातात दिला. "आता भिंत झाकायला नको. तुम्ही घरी लावा."

साखरबाईने तो उराशी धरला. चंद्रभान पेटी उचलायला वाकला, तर ती म्हणाली, "ती राहू दे. भिंतीला टेकवून ठेव. वर गोधडी घातली की आल्यागेल्याला बसायला होईल." आणि कनवटीची किल्ली काढून तिने उषाच्या हातावर ठेवली.

उषाने पेटी उघडली. आत चिंधीसुद्धा नव्हती. तिने सासूकडे बघितलं, आणि एवढ्या लांबून रिकामी पेटी का आली असेल ते तिला उमगलं. तिचा चेहरा उतरला.

"तुला न्यायला आणली होती," साखरबाई सरळ म्हणाली. "घरात करमत नाही मला." मग तिने डोळे पुसले आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "आता तूच भर ती. इथंच."