नावानिशी

प्रेमिलाने फूटपट्टी धरली आणि ‘एका गरजू कुटुंबास’ या शब्दांवर तांबड्या शाईची सरळ रेघ ओढली. वर लिहिलं, ‘विश्वनाथ मास्तर, पत्नीच्या डोळ्यासाठी, रुपये तीनशे.’ मग शाईवर फुंकर घातली. टेबलापलीकडे उभे असलेले चर्चचे पाळक गिरिधर पाहतच राहिले.

“बाई, हे असंच वाचणार तुम्ही? भर सभेत?”

“ठराव तसा आहे.”

“अहो, कित्येक वर्षांत कोणी नाव वाचलेलं नाही. तुम्ही खजिनदार झालात, तुम्हीही नाही वाचलं.”

“ठराव रद्द झालाय का?”

पाळकांचा हात दगडाखाली होता. गरीब निधीतले पैसे त्यांनीच मंडळीत कोणाला कळू न देता मास्तरांना दिले होते. ते हळूच म्हणाले, “दुरुस्तीच्या खर्चात घाला ना. कौलांमध्ये तीनशे रुपये सहज खपतील.”

“कौलांचा पैसा कौलांना, गरिबांचा गरिबांना. ज्यानं ज्या कामासाठी अर्पण दिलं, त्याच कामाला ते लागलं पाहिजे. मंडळीचा हिशोब म्हणजे किराण्याचं दुकान नव्हे, पाळकसाहेब. हे मला मास्तरांनीच शिकवलंय.”

ते खरंच होतं. विश्वनाथ मास्तर मिशनच्या शाळेचे हेडमास्तर, आणि डोळे साथ देत होते तोवर मंडळीचे खजिनदार. इमारत निधी, कब्रस्तान निधी, गरीब निधी, सगळ्यांचे जमाखर्च त्यांनी वेगवेगळे ठेवले. एकातला आणा दुसऱ्यात जाऊ दिला नाही. गरीब निधीतून मदत घेणाऱ्याचं नाव वार्षिक सभेत वाचावं आणि त्यानं उभं राहावं, म्हणजे कोणाला शंका नको, हा ठरावही त्यांचाच.

त्या ठरावाप्रमाणे प्रेमिलाचा बाप धोंडबा एकदा उभा राहिला होता. गिरणीतून त्याला काढून टाकलं, ते साल. ती तेव्हा परकरात होती. “धोंडबा, गिरणी कामगार. गहू, एक पोतं. पत्नीस लुगडं, एक.” मास्तरांचा आवाज खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. आई तुळसाबाई तेच लुगडं नेसून बसली होती, कारण दुसरं धड नव्हतं. सगळ्या बायकांनी वळून त्या लुगड्याकडे पाहिलं, आणि शेजारच्या दोघी जराशा सरकल्या. मास्तरांची बायको यमुताई तेवढी पुढच्या बाकावरून उठून आईजवळ येऊन बसली. आली असेल तमाशा जवळून पाहायला, असं त्या पोरीनं तेव्हाच मनाशी पक्कं केलं, आणि पुढे कधी त्याचा फेरविचार केला नाही.

बापाची मान त्या दिवशी वाकली ती वाकलीच. पुन्हा तो चर्चची पायरी चढला नाही. शेवटी आत गेला तो चौघांच्या खांद्यावरून.

ती वाकलेली मान प्रेमिलाला फेडून हवी होती. राग तिने लोणच्यासारखा मुरवला. सरकारी कचेरीत हिशोबाची कारकुनी मिळवली, मग मास्तरांसमोर बसून गोड बोलून मंडळीचा हिशोब शिकली. मास्तर कौतुक करत, तेव्हा ती हसून पुढचा आकडा मांडे. आणि यंदा देवानं आयतं हातात दिलं होतं. मास्तरांच्या मुलानं सावनेरला कोळशाच्या ठेक्यात बापाचा निवृत्तीचा सगळा फंड बुडवला, यमुताईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, आणि मास्तरांना गरीब निधीकडे हात पसरावा लागला. यंदा निधीतून घेणारं घर ते एकच. पेरलं ते उगवतं, हे काय फक्त व्यासपीठावरून सांगायला आहे?

घरी आई भिवापुरी मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. पाळक तिच्याकडेही येऊन गेले होते, हे तिच्या तोंडावरूनच कळत होतं.

“काहून जुनं उकरून राहिली वं?”

“तुले राग नाही येत काय, माय?”

“आला होता ना. तुया बापाले तर लयच आला होता.” आईने एक मिरची उजेडात धरून पाहिली. “पण त्या दिवसाची तुले एकच गोष्ट आठवते.”

“आणखी होतं काय त्या दिवशी?”

आई मिरच्या खुडत राहिली.

रविवारी उपासना संपल्यावर सभा भरली. एप्रिलचं ऊन दारातून आत येत होतं, पंखे नुसते कुरकुरत होते. प्रेमिलाने इमारत निधी वाचला, कब्रस्तान निधी वाचला. आवाज तिने मुद्दाम खणखणीत काढला.

“गरीब निधी. विश्वनाथ मास्तर, पत्नीच्या डोळ्यासाठी, रुपये तीनशे. ठरावाप्रमाणे नावानिशी.”

पुरुषांच्या बाजूला मास्तर काठीवर भार देत उठले. प्रेमिला त्यांच्या मानेकडे डोळे लावून बसली. आता वाकेल, आता वाकेल.

“डोळ्यासाठी असं मोघम नको,” मास्तर म्हणाले. “मोतीबिंदूचं ऑपरेशन असं लिहा. पुढे ऑडिटर विचारतो. पावती जोडली आहे ना?”

“जोडली आहे.”

“मग ठीक. काटेकोर काम आहे तुमचं. इतकी वर्षं नावं वाचली जात नव्हती, ते मला बरं वाटत नव्हतं.”

मास्तर खाली बसले. मान जशी ताठ होती तशीच. त्यांना ते लागलंच नव्हतं. बापाच्या वेळीही त्यांच्या मनात हिशोबापलीकडे काही नव्हतं, हे प्रेमिलाला तेव्हा लख्ख कळलं, आणि आपण इतकी वर्षं एका भिंतीवर डोकं आपटलं असं वाटून तिला संताप आला.

मान वाकली होती ती बायकांच्या बाजूला. यमुताई डोळ्यांवर ऑपरेशननंतर मिळालेला जाड काळा चष्मा लावून बसल्या होत्या, आणि सगळ्या बायका वळून त्या चष्म्याकडे पाहत होत्या. यमुताईंना अजून नीट दिसत नव्हतं, पण कळत होतं. त्यांनी पदर कपाळावरून खाली ओढला, चष्मा झाकेपर्यंत. शेजारची बाई जराशी सरकली.

शेवटच्या बाकावरून तुळसाबाई उठली. गुडघ्यांवर हात देत, बाक धरत, ती मधल्या वाटेने पुढे आली. टेबलापाशी लेक बसली होती, तिकडे तिने पाहिलंही नाही. यमुताईंच्या बाकाशी येऊन थांबली.

यमुताईंनी चाहूल घेतली. “कोण वं?”

“मी आहो, तुळसा. सरका जराशा.”

यमुताई सरकल्या. चाचपडत त्यांचा हात पुढे आला, तो आईने आपल्या मांडीवर घेतला.

प्रेमिलाला पुढची ओळ वाचायची होती. झाडू आणि फिनाईलच्या खर्चाची. ती तिने दोनदा वाचली, तरी मागून कोणीतरी म्हणालं, “ऐकू नाही येऊन राहिलं, बाई.”