सहा फुटी भिंतीवरची फुलं

एक्स-रेताईंनी पंचवीस वर्षं इस्पितळात माणसांच्या आतले फोटो काढले. बाहेरचे काढायला त्या अलीकडेच शिकल्या होत्या. मेट्रन मुलांच्या नव्या वॉर्डातल्या सहा फुटी भिंतीसाठी विकतचं चित्र मागवायला निघाल्या, तेव्हा ताईंच्या तोंडून निघून गेलं, "थांबा, मी फुलांचा फोटो काढते की!"

बोलून बसल्या खऱ्या, पण परसातलं सफरचंदाचं झाड काही फुलायचं नाव घेईना. शेवटी छपाईवाल्याने दिलेली मुदत संपायच्या दिवशी ताईंनी सकाळी खिडकी उघडली, तर झाड पांढरंशुभ्र!

"वन्सं! अहो वन्सं, चादर आणा, लवकर!"

"चादर कुठली आणू? तिच्यातच तर आहे मी!" आतून थोरल्या नणंदेचा आवाज आला.

तरी त्या आल्या, विस्कटलेल्या केसांनी, खांद्यावर चादर टाकून. वारा अडवायला आणि फुलांवर थोडा उजेड परतवायला त्यांनी ती दोन्ही हातांनी ताणून धरली. वाऱ्याने मात्र उच्छाद मांडला होता. फांदी स्थिर होते न होते तोच पुन्हा झुलायची.

"श्वास रोखा, हलू नका," ताई सवयीने म्हणाल्या.

"कोण, मी की फुलं?"

"सगळ्यांनीच!"

दोनशे फोटो निघाले. दुपारी दोघी कॉम्प्युटरपुढे बसल्या आणि ताईंचं तोंड उतरलं. बहुतेक हललेले. एक बरा होता, त्याचे रंग त्यांनी वाढवत नेले.

"वहिनी, ही फुलं आहेत की आइस्क्रीम?"

ताईंनी सगळे रंग मागे घेतले. अडीच वाजले. चारला छपाईवाला दुकान बंद करणार.

"तो काळवंडलेला का टाकलास गं?" वन्संनी पडद्यावर बोट ठेवलं.

ताईंनी तो उघडून सावल्या हळूच उजळल्या. मग हाडातली बारीक चीर शोधावी तसा कोपरान् कोपरा मोठा करून पाहू लागल्या आणि एकदम खुर्चीतून उठल्याच.

"वन्सं, इथं कुणीतरी आहे!"

पाकळीवर पाकळीच्याच रंगाचा एक कोळी, पुढचे पाय पसरून दबा धरून बसलेला. आणि बोटभर अंतरावर, पंख पसरलेली मधमाशी!

"अगं बाई! पुढे काय झालं असेल गं?"

"ते त्या दोघांनाच ठाऊक!"

ताईंनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली. सावलीतला निळसरपणा काढला. उजेड जरा जास्त झाला की कोळी पांढऱ्यात विरघळायचा, कमी झाला की फुलं मळकी दिसायची. वन्सं कानाशी "अजून... अजून... बस्स!" करत होत्या. चारला दहा कमी असताना फोटो गेला.

"कोळी?" फोनवर मेट्रन दचकल्या. "मुलं घाबरतील ना!"

"आधी सापडू तर द्या त्यांना," ताई म्हणाल्या.

फोटो लागला त्या दिवशी, फुलांत कोण लपलंय ते शोधायला अख्खा वॉर्ड भिंतीपुढे गोळा झाला. पायाला प्लास्टर असलेल्या एका चिमुरडीने चाकाची खुर्ची थेट फुलांना नाक लागेपर्यंत नेली आणि किंचाळली, "सापडला!"

"कुठे? कुठे?" सगळे ओरडले.

तिने दोन्ही तळहातांनी ती पाकळी झाकून टाकली. "अंहं! ज्याचा त्याने शोधायचा!"